बोरीबंदर कोणी बांधले?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आपल्याकडे एरवी आरोग्यावर, मुलांच्या संगोपनावर किंवा एखाद्या संताच्या चरित्रावर व्याख्यान होते. यंदा ते काम माझ्यावर आले आणि मी ‘बोरीबंदर स्टेशन’ हा विषय कळविला, तेव्हा कार्यवाहबाईंच्या कपाळावर एक आठी पडली, ती मी पाहिली. “अहो, स्टेशनवर तासभर काय बोलणार? आणि तेही मुंबईच्या?” असा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, स्टेशनवर नाही बोलणार, ते ज्यांनी बांधले त्यांच्यावर बोलेन. आठी पुरती गेली नाही, पण परवानगी मिळाली.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो नातीमुळे. तपोवन एक्स्प्रेसने आम्ही दोघी मुंबईला उतरलो. स्टेशनाबाहेर येऊन रस्ता ओलांडला आणि ती मान वर करून उभीच राहिली. म्हणाली, “आजी, हे कोणी बांधलं?” मी उत्तर दिले, “इंग्रजांनी.” तिने विचारले, “म्हणजे कोणी? राणीनं?” आता यावर काय सांगणार? राणी तर हिंदुस्थानात कधी आलीच नाही. मी “चल, उशीर होतोय” म्हणून वेळ मारून नेली. पण आजीला उत्तर येत नाही, हे पोरीला बरोबर कळले, आणि मलाही ते लागून राहिले.

तसे पाहिले तर हा प्रश्न आपल्या गावात राहणाऱ्यांना नवा असू नये. वेरूळला कैलास पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो. राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे. ते पाहून देवांनाही आश्चर्य वाटले, आणि ज्याने ते घडविले त्या शिल्पकारालाच पुढे ‘हे माझ्या हातून झाले तरी कसे’ असा विस्मय पडला, अशा अर्थाचा मजकूर तीत आहे. किती सुंदर कल्पना! पण ताम्रपटात कृष्णराजाचे नाव आहे, विस्मय पडलेल्या त्या शिल्पकाराचे नाही. त्याला नाव दिले ते लोकांनी. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त ती कथा आली आहे. राजा आजारी पडला, राणीने शंकराला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन, आणि त्याचा कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. देऊळ बांधायचे म्हणजे वर्षानुवर्षांचे काम! सगळे कारागीर हात टेकून बसले. तेव्हा आपल्या पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यावरूनच काम सुरू केले, कळस आधी कोरला आणि राणीचा उपास आठवड्यात सोडविला. कथा खरी की खोटी हा वाद मी घालीत नाही. कळसापासून पायाकडे देऊळ उतरले ही गोष्ट मात्र कैलास पाहणाऱ्या कोणालाही पटते.

आणि बीबी का मकबरा? तिथे तर नावे चक्क कोरलेली आहेत. मुख्य प्रवेशद्वारावरील लेखात दोघांची नावे आहेत. नकाशा करणारा अताउल्ला आणि बांधकाम पाहणारा हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. आपण त्या दारातून किती वेळा आत गेलो असू? मुलांना शाळेच्या सहलीबरोबर पाठविले, माहेरवाशिणींना दाखविले, आणि ‘ताजमहालाची नक्कल’ एवढे एक वाक्य सांगून बाहेर आलो. दारावरची ती दोन नावे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक होती, हे मी हात वर करायला लावून विचारीत नाही. कारण गेल्या वर्षापर्यंत माझाही हात खालीच राहिला असता.

असो. आता बोरीबंदराकडे येते.

नातीला पुस्तकी उत्तर द्यायचे तर ते असे : हे स्टेशन फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या इंग्रज वास्तुशिल्प्याने बांधले. त्याचा जन्म १८४७ सालचा, इंग्लंडातील बाथ या गावचा. तेथे चार्ल्स डेव्हिस नावाच्या आर्किटेक्टच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली आणि १८६७ साली सरकारी बांधकाम खात्याची परीक्षा उतरून तो मुंबई इलाख्यात नोकरीला आला. वय अवघे वीस. सुएझचा कालवा अजून खुला व्हायचा होता. पहिली नेमणूक पुण्यास झाली, आणि लवकरच मुंबईस बदली.

ती मुंबई कशी होती हे डोळ्यांपुढे आणावे लागेल. अमेरिकेत १८६१ पासून चार वर्षे यादवी युद्ध चालले, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाड-खानदेश-गुजराथच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो सगळा पैसा मुंबईत ओतला गेला. १८६५ साली लढाई संपताच हा फुगा फुटला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. पण त्याआधी सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नराने जुन्या किल्ल्याचा कोट पाडून शहर मोकळे केले होते. मोकळ्या झालेल्या त्या जागेवर हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय अशा मोठमोठ्या इमारती उठू लागल्या. तरुण स्टीव्हन्स या धांदलीत येऊन पडला. दर्यावर्दी लोकांसाठी बांधलेले ‘सेलर्स होम’ हे त्याचे पहिले मोठे काम. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी त्याला दोन लाख रुपये दिले होते. १८७६ साली ते पुरे झाले. पुढे अनेक वर्षे याच इमारतीत कायदे करणारे विधिमंडळ भरत असे, आणि नंतर तेथे राज्याच्या पोलिसांचे मुख्यालय आले.

१८७७ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला बोरीबंदरास नवे स्टेशन आणि मुख्य कचेरी हवी होती. हीच ती कंपनी, जिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गेली. सरकारने स्टीव्हन्सची सेवा कंपनीकडे उसनी दिली. तो दहा महिन्यांची रजा काढून युरोपात गेला, तिथली स्टेशने पाहून आला, आणि मग त्याने आराखडा केला. स्टेशनाचे जे पहिले सुंदर रंगीत चित्र पुष्कळ पुस्तकांत छापतात, तेही स्टीव्हन्सच्या हातचे नाही बरे का! ते ॲक्सेल हेग नावाच्या स्वीडिश चित्रकाराने काढले. म्हणजे कागदावर असल्यापासूनच या इमारतीला दुसऱ्याचा हात लागला आहे.

मे १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. मध्येच, १८८२ साली, गाड्या तेथून सुटूही लागल्या. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, त्या ज्युबिलीच्या दिवशी स्टेशनाला तिचे नाव दिले गेले. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. १९९६ साली छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. नावे किती बदलली! पण आमच्या सासूबाई शेवटपर्यंत ‘बोरीबंदर’च म्हणत, आणि आजही मी तेच म्हणते.

इमारत बाहेरून वालुकाश्माची आणि चुनखडीच्या दगडाची, आत इटलीचा संगमरवर. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, एका बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा, असे सांगतात. त्रिकोणी शिखरांवर शेती, व्यापार, यंत्रविद्या यांच्या मूर्ती आहेत. भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे गोल चौकटीतले चेहरे आहेत, आणि त्यांतच जमशेटजी जीजीभाई आणि आपले नाना शंकरशेट यांचेही. तिकिटे मिळतात त्या दालनाचे छत निळे आणि त्यावर सोनेरी तारे. सगळ्यांत वर, घुमटाच्या टोकाला, एक स्त्री उभी आहे. एका हातात उंच धरलेली मशाल, दुसऱ्यापाशी आऱ्यांचे चाक. ती देवी नाही, राणीही नाही. तिचे नाव ‘प्रगती’. रोज लाखो माणसे तिच्या पायाखालून कामाला जातात आणि वर पाहायला कोणालाच सवड नसते. पण मला खरी कमाल वाटली ती घुमटाची. आठ कोनांचा, फासळ्या असलेला दगडी घुमट. घर बांधलेल्या भगिनींना सेंटरिंग म्हणजे काय ते माहीत आहे. स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या-बल्ल्यांचा मांडव घालतात, सिमेंट आवळले की तो काढतात. त्या मांडवाचे भाडे कसे चढत जाते हेही माहीत आहे! हा घुमट तसल्या मांडवावाचून चढविला, असे सांगतात. दगड एकमेकांत खाचा घालून असे बसविले की प्रत्येक थर पुरा झाला की तो आपला आपण उभा राहतो आणि पुढच्या थराचा भार घेतो. खाली घुमटाच्या पोकळीत दगडी जिना आहे. त्याच्या पायऱ्या एका टोकाने भिंतीत रुतलेल्या आणि दुसऱ्या टोकाने अधांतरी. मधे खांब नाही.

आता मैत्रिणींनो, असे पाहा. नकाशावर ‘येथे घुमट’ असे लिहिणे वेगळे, आणि तो दगड उन्हातान्हात, पावसाळ्यात, मुंबईच्या त्या खाऱ्या वाऱ्यात शंभर-दोनशे हात वर चढवून जागच्या जागी बसविणे वेगळे. नवीन प्रकारचा घुमट असेल तर रोज सकाळी कामावर नवी अडचण उभी. कोन चुकला, दगड आखूड पडला, पाथरवटाने खाच उलटी काढली. दहा वर्षे त्या जागेवर पाय रोवून कोणी उभे राहिले? याचे उत्तर ग्रंथांतून एका ओळीत असते. स्टीव्हन्सच्या सविस्तर माहितीखाली जाता जाता लिहिलेले असते : सहायक अभियंता सीताराम खंडेराव, पर्यवेक्षक एम. एम. जनार्दन.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि नातीला हाक मारली.

सीताराम खंडेराव वैद्य. पुढे ‘रावसाहेब’ ही पदवी मिळालेले. ‘सहायक’ हा शब्द मोठा फसवा आहे. आपल्याकडे स्वयंपाकघरात सासू पाटावर बसून सांगते आणि सून पुरण वाटते. पोळ्या कोणाच्या, तर सासूबाईंच्या. स्टीव्हन्सचे श्रेय काढून घ्यावे असा माझा मुळीच हेतू नाही. कल्पना त्याची, अभ्यास त्याचा, जबाबदारीही त्याची. तो साधा नकाशे काढणारा नव्हता. १८८४ साली सरकारी नोकरी सोडून त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला, आणि स्टेशनासमोरच मुंबई महानगरपालिकेची इमारत बांधली. तिचे काम १८९३ साली मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात पुरे झाले. हे वाक्य मी आपल्या नगरसेवकांसाठी पुन्हा वाचून दाखवीत नाही! मग चर्चगेटला दुसऱ्या रेल्वे कंपनीची कचेरी झाली. ५ मार्च १९०० रोजी हिवतापाने तो मुंबईतच वारला, उणीपुरी बावन्न वर्षांचा होऊन, आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्याचा मुलगा चार्ल्स याने तोच व्यवसाय चालविला. कुलाब्याचे १९३३ सालचे रीगल सिनेमागृह या मुलाचे. साधारण १९०० च्याच सुमारास आपल्या गावाला मनमाडहून आगगाडी आली; म्हणजे बोरीबंदराचा आणि आपला संबंध जुळला तेव्हा ते बांधणारा जगात नव्हता.

पण सीतारामपंतांचे काय? दहा वर्षे साहेबाच्या हाताखाली राहून ते नुसते हुकूम पाळायला शिकले नव्हते, याचा पुरावा दगडात आहे. तो अपोलो बंदरावर, समुद्राकाठी उभा आहे. जमशेटजी टाटांनी मुंबईत आपले हॉटेल बांधायचे ठरविले तेव्हा त्यांनी आराखड्यासाठी विलायतेला पत्र धाडले नाही. ते काम त्यांनी रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांना दिले. ताजमहाल हॉटेलाचा तो मधला मोठा घुमट पाहा आणि मग बोरीबंदराचा आठवा. एकाच घरच्या लेकी वाटाव्यात! जो घुमट चढविण्यात आपला घाम गाळला, तो मनात घेऊन हा माणूस दुसरा घुमट आखायला बसला. पण तो आभाळाखाली पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. काम चालू असतानाच ते वारले, आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने पुरे केले. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडले. जमशेटजीही पुढच्याच वर्षी, मे महिन्यात, जर्मनीत गेले.

या हॉटेलाची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मी तर त्याच दिवशी, गेट वेपाशी एका गाइडच्या तोंडून ऐकली. तो रंगवून सांगत होता की साहेब नकाशा देऊन विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तो इथल्या लोकांनी इमारत उलटी बांधलेली, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे; ते पाहून साहेबाने जीव दिला. भोवतीची मंडळी हळहळली, दोघा-तिघांनी हसूनही घेतले. मीही घरी येऊन ती सांगितली होती, याची मला आज लाज वाटते. गोष्टीत काडीचे तथ्य नाही. नकाशा मुळातच सीतारामपंतांचा आणि मिर्झांचा. त्या वेळी हॉटेलापुढे गेट वे नव्हता, आजचा मोकळा चौकही नव्हता. गेट वे खुला झाला तो १९२४ च्या डिसेंबरात. पाहुण्यांच्या घोडागाड्या येणार त्या शहराच्या अंगाने, म्हणून दार तिकडे ठेवले. समुद्राकडून बोटीने येणाऱ्याच्या दृष्टीला घुमट आणि दर्शनी भिंत. सगळे ठरवून, विचार करून केलेले. पण गोष्ट कशी आहे पाहा : जिथे आपल्या माणसाने आराखडा काढला, तिथे एक हुशार साहेब आणि ‘उलटे बांधणारे अडाणी गवंडी’ आपणच कल्पून बसवले. आणि शंभर वर्षे एकमेकांना सांगत राहिलो. साहेबांनी आपले नाव पुसले अशी तक्रार करताना हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता कोरीवकामाकडे वळते. कारण तिथे आपल्या जिल्ह्याचा धागा आहे, आणि तोच मला सर्वांत जवळचा वाटतो.

बोरीबंदराच्या मुख्य मूर्ती थॉमस अर्प नावाच्या इंग्रज मूर्तिकाराने केल्या. पण भिंतींवर, कमानींवर, खांबांच्या माथ्यांवर जी पाने, फुले, मोर, माकडे, खारी आणि घुबडे दिसतात, ती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची. त्या वेळी तिथे जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते. आणि हेच ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत थंडीच्या दिवसांत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत. लेण्यांतील चित्रांच्या मोठमोठ्या नकला उतरवून घेण्याचे काम सरकारने त्यांना दिले होते. आजच्यासारखी डांबरी सडक नव्हती, दिवे नव्हते, लेण्यांत वटवाघळे आणि बाहेर जनावरांची भीती. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले पुढे नावारूपाला आलेले चित्रकार.

रॉबर्ट गिल आणि पारोची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गिलने अजिंठ्यात घालविलेली वर्षे, पारोची अजिंठा गावातली कबर, त्यावर निघालेली पुस्तके आणि चित्रपट. ते सारे ठीकच. पण ग्रिफिथ्सबरोबर आलेल्या त्या मुलांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनला पाठविल्या, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागून त्यांतल्या पुष्कळशा जळून गेल्या. गिलच्याही अशाच १८६६ साली जळाल्या होत्या. उरल्यासुरल्यांवरून ग्रिफिथ्सने दोन मोठे खंड छापले. ते १८९६-९७ चे. आज अजिंठ्यात जिथे भिंतीवर काही उरले नाही, तिथे काय होते हे पाहायला त्यांचा आधार घेतात.

तारखा जुळवून पाहिल्या म्हणजे गंमत वाटते. १८७८ ते १८८८ बोरीबंदर चालू आणि १८७२ ते १८८५ अजिंठ्याच्या नकला चालू. शाळा एक, गुरू एक. ज्या शाळेची मुले हिवाळ्यात आपल्या वाघूरकाठी बसून छतावरचे हंस, कमळे, माकडे कागदावर उतरवीत होती, तीच शाळा स्टेशनाच्या दगडावर मोर आणि वेली कोरीत होती. अमुक वेल अमुक लेण्यातली, असे बोट ठेवून मी सांगणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण स्टेशनातील पानाफुलांपुढे उभी राहिले तेव्हा ती मला परकी वाटली नाहीत. असली गॉथिक कमान विलायतेत कुठेही असेल. तिच्या खांद्यावर बसलेले ते माकड मात्र आपल्या ओळखीचे आहे.

तसेच मुकुंद रामचंद्र. बांधकाम खात्यातले सहायक अभियंता, रावबहादुर. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झालेला. त्याचा नकाशा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते गृहस्थ हिंदुस्थानात एकदाही आले नाहीत! पैसे प्रेमचंद रायचंदांचे, आणि नाव त्यांच्या आईचे. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन धर्माप्रमाणे दिवस मावळण्याच्या आत जेवायचे असे, तेव्हा घड्याळाच्या ठोक्यांवरून आईला वेळ कळावी, असे मुलाच्या मनात होते म्हणतात. त्या मनोऱ्यावर चोवीस मूर्ती आहेत. त्या देवदूतांच्या किंवा इंग्रज संतांच्या नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींची माणसे त्यांच्या त्यांच्या पगड्या-पोशाखांसह तिथे उभी आहेत. त्या मुकुंद रामचंद्रांच्या. एवढ्या उंचीवर त्यांची चेहरेपट्टी कोण पाहणार होते? तरी त्यांनी ती केली.

आणि या सगळ्यांच्या खाली, ज्यांची नावे एका ओळीतही नाहीत, ते पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार. आणि चुन्याची घमेली डोक्यावर घेऊन शिड्या चढणाऱ्या बायका. कुठे एखादीचे पोर फडक्याच्या झोळीत टांगलेले असेल. आजही कोणत्याही बांधकामावर ते दिसतेच.

आता एक घरगुती गोष्ट, आणि मग पुरे करते. आपल्या मंडळाच्या या नव्या खोलीवर बसवायचा संगमरवरी फलक तयार व्हायचा आहे. त्याचा मजकूर गेल्या सभेत वाचून दाखविला. देणगीदारांची नावे आहेत, उद्घाटकांचे आहे, कार्यकारिणीचे आहे. माझेही आहे, त्याचा मला आनंदच झाला. पण भर पावसात छत गळू लागले तेव्हा रात्री साडेनऊला येऊन ताडपत्री घालणाऱ्या गवंड्याचे, आणि त्याच्या हाताखाली सकाळपासून विटा वाहणाऱ्या त्याच्या बायकोचे नाव त्यात नाही. फलक लहान आहे, अक्षरे बसणार नाहीत, असे सांगण्यात आले. मी दुकानदाराकडे चौकशी केली. आणखी दोन ओळी कोरायला फारसा खर्च नाही, आणि तो मी देईन. कार्यवाहबाईंच्या कपाळावर पुन्हा आठी दिसते आहे, पण मजकूर अजून छापखान्यात गेलेला नाही आणि दगडावर तर मुळीच चढलेला नाही.

परवा नातीचा फोन आला होता. मी तिला स्टीव्हन्स सांगितला, सीतारामपंत सांगितले, जनार्दन सांगितले, अजिंठ्याची मुले सांगितली. सगळे ऐकून ती म्हणाली, “आजी, मग वरच्या बाईच्या हातातलं चाक कुणी बसवलं?” पुढच्या वेळी मुंबईला जाईन तेव्हा शोधून येईन, असे मी तिला कबूल केले आहे.